भाड्याचा बायोस्कोप : डबा झकास, पाटी तेवढी काढा

चार तासांचे साडेचार हजार, टेंपोचे पाचशे वेगळे आणि सोबत हँडल फिरवायला एक पोरगं. सध्या कोल्हापुरात बारसं असो, मुंज असो नाहीतर हळद, मांडवाच्या कोपऱ्यात हा लाल-पिवळा डबा उभा दिसतोच. आमच्या नातवाच्या वाढदिवसाला मुलानं पुण्यात बसून मोबाइलवर तो ठरवला आणि मला फोन केला, "बाबा, जिन्यातनं वर जाईल का तेवढं बघून ठेवा." मंगळवार पेठेतला आमचा जिना म्हणजे बोळच. दोघांनी आडवा करून, भिंतीचा थोडा गिलावा पाडून डबा गच्चीवर नेला.

पैसे वसूल झाले, हे आधीच सांगतो. पण निम्मे डब्यानं वसूल करून दिले आणि निम्मे आमच्या आक्कानं. आक्का भाड्यानं मिळत नाही. तेव्हा तुम्ही डबा मागवणार असाल तर पुढचं वाचून मागवा.

मी इथल्या एका टॉकीजला ऑपरेटर होतो. प्रोजेक्टरच्या उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जाळायच्या काळापासून ते डिजिटलचा सर्व्हर आला आणि केबिनला कुलूप लागलं तोपर्यंत. त्यामुळं भिंग, उजेड आणि चित्र ह्या तीन बाबतींत मला सहसा कुणी गुंडाळू शकत नाही. केक आणि फुगे कसे होते ते आमच्या सूनबाईंना विचारा.

लांबून डबा देखणा आहे. ट्रकच्या पाठीवर असतात तसले मोर आणि कमळं, वर पत्र्याचा घुमट, घुमटाला झालर. जवळ गेल्यावर कळतं की लाकूड नाही, एमडीएफ आहे, आणि खिडक्यांच्या पितळी कड्या म्हणजे सोनेरी रंग मारलेले पीव्हीसी पाइपचे जोड. त्याला माझी काही हरकत नाही. सागवानी असता तर वर न्यायला खासबागेतनं पैलवान आणावे लागले असते. समोर तीन खिडक्या, आत दोन रुळांवर गुंडाळलेली चित्रांची लांब पट्टी, वरच्या अंगाला एलईडीची माळ आणि बाहेर हँडल. हँडल फिरवलं की पट्टी एका रुळावरनं दुसऱ्यावर जाते आणि खिडकीसमोरचं चित्र बदलतं. जत्रेत खांद्यावरनं यायच्या त्या पेट्यांतही ह्याहून जास्त काही नसायचं.

डब्याच्या माथ्यावर मात्र पाटी होती. मोठ्या अक्षरांत 'व्हिंटेज पीप शो' आणि खाली बारीक अक्षरांत 'फक्त लहान मुलांसाठी'.

माझी पुतणी विद्यापीठात इंग्रजी घेऊन एम.ए. करते. पाटी वाचली आणि ती जिन्यातच बसून हसायला लागली.

"काका, हे असलं गच्चीवर नाही लावायचं."

"का गं? बायोस्कोपच की."

"बायोस्कोपच. पण आता ह्या शब्दाचा अर्थ..." एवढं म्हणून ती आक्काकडं बघून थांबली.

आक्का माझी थोरली बहीण, पंचाहत्तरी ओलांडलेली. "सांग की. मी काय कुकुलं बाळ हाय?"

मग पोरीनं सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. ह्या शब्दाचं अर्धं आयुष्य सोवळ्यात गेलंय आणि अर्धं ओवळ्यात. बारीक भोकाला डोळा लावून आतलं दृश्य बघायचं, एवढाच मूळचा अर्थ. सतराव्या शतकात सॅम्युअल व्हान होगस्ट्राटन नावाच्या डच चित्रकारानं एक पेटी केली, ती आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. नुसती उघडी बघितली तर भिंतींवर वेडीवाकडी ओढलेली चित्रं दिसतात, पण कडेच्या भोकातनं बघितलं की अख्खं डच घर उभं राहतं. खोलीमागं खोली, फरशी, कुत्रं, सगळं जागच्या जागी. पुढं युरोपभर फिरस्ते लोक पाठीवर पेट्या घेऊन जत्रांतनं हिंडू लागले. आत शहरं, लढाया, राजांच्या मिरवणुका. लंडनमध्ये १८४३ साली थेम्स नदीच्या खालचा बोगदा उघडला तेव्हा त्याची आठवण म्हणून कागदाच्या घडीच्या पेट्या विकल्या गेल्या. भात्यासारखी ओढायची, भोकाला डोळा लावायचा, आत बोगदा खोल खोल गेलेला. असल्या तीनशे साठहून जास्त घड्या २०१६ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडं एकाच संग्रहातनं आल्या, आणि तिथं त्यांना आजही राजरोस 'पेपर पीपशो' म्हणतात. कुणाची मान खाली जात नाही.

ओवळं झालं ते नाणं टाकायची सोय आल्यावर. सुरुवात तशी साधी होती. १४ एप्रिल १८९४ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एडिसनच्या किनेटोस्कोपचं दुकान उघडलं. चार फूट उंचीची दहा खोकी, पाचांच्या दोन रांगा, एका रांगेचे पंचवीस सेंट. वाकून डोळा लावायचा, आत फिल्म पळायची. लोहार ऐरणीवर काम करताहेत, सँडो नावाचा बलदंड गडी दंड फुगवतोय, कोंबड्यांची झुंज चाललीय. ह्यातल्या सँडोचं नाव आमच्या तालमीतल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. आतली फिल्म ३५ मिलिमीटरची, एका फ्रेमला चार छिद्रं. एडिसनच्या कारखान्यात डिक्सननं ते माप ठरवलं आणि आयुष्यभर माझ्या बोटांतनं गेली ती पट्टी त्याच मापाची. पुतणीला हे माहीत नव्हतं. तेवढा भाव मी खाल्ला.

पाठोपाठ म्युटोस्कोप आला. त्यात फिल्म नाही, चाकावर खोचलेले शेकडो फोटो असतात. दांडा आपण फिरवायचा, मनात आलं तर हळू. हळू का फिरवायचा ते सांगायला नको. इंग्लंडच्या समुद्रकाठच्या धक्क्यांवर ही यंत्रं पेनी-पेनीवर चालायची आणि त्यातल्या एका रिळाचं नाव एवढं गाजलं की लोक यंत्रालाच त्या नावानं ओळखू लागले : 'व्हॉट द बटलर सॉ'. घरातला गडी किल्लीच्या भोकातनं बाईसाहेबांना कपडे बदलताना बघतोय, असा मामला. नंतर १९६० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावर नाणं टाकून बघायच्या अंधाऱ्या खोल्या आल्या, आधी फिल्मच्या आणि मग काचेपलीकडं खरोखरच्या बायकांच्या. वेळ संपली की झडप खाली. आज इंग्रजी वाचणाऱ्या कुणालाही 'पीप शो' म्हटलं की आधी ती खोली आठवते. आणि आमच्या गच्चीवर त्याच शब्दाखाली लिहिलेलं, फक्त लहान मुलांसाठी.

सूनबाईंनी काही न बोलता 'हॅपी बर्थडे'ची झालर काढली आणि पाटीवरनं आडवी बांधली.

हँडलवालं पोरगं बिचारं गोंधळलं. "काका, मालकांनी नेटवरनं नाव काढलंय. फॉरेनच्या म्युझियममध्ये असंच लिवलंय म्हणे." आता ह्याला काय उत्तर द्यायचं? म्युझियममध्ये लिहिलंय ते खरंच आहे.

आक्का ह्या सगळ्यावर बराच वेळ गप्प होती. तिच्या घरी 'बिग बॉस मराठी' २०१८ ला लागलं तेव्हापासनं चुकत नाही. मूळ कार्यक्रम नेदरलँड्सचा, १९९९ चा. इंग्रजी पेपरवाले असल्या कार्यक्रमांनाही टोमण्यानं हाच शब्द लावतात, असं पुतणी म्हणाली. आक्का उसळली. "त्यास्नी ठावं असतंय की कॅमेरं लावल्यात! पैसं घेऊन आत जात्यात. हे आणि दुसऱ्याच्या न्हाणीत बघणं एक झालं व्हय?" कायदाही आक्काच्याच बाजूचा आहे. बाईला तिच्या खासगी क्षणी चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं २०१३ पासनं स्वतंत्र गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७७, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं. डब्यातला ताजमहाल मात्र बघण्यासाठीच ठेवलेला असतो.

असो. मुद्दा डब्याचा.

पहिला खेळ फसला. पोरं खिडकीला डोळा लावायची आणि लगेच मागं सरायची. मी वाकून बघितलं तर आत नुसता दुधाळ गोळा. भिंग दोन स्क्रूंवर होतं, काढून घेतलं. प्लास्टिकचं आहे, पण ओरखडा नव्हता. गच्चीच्या दारात धरून शेजारच्या नारळाचं उलटं झाड जिन्याच्या भिंतीवर पाडलं आणि भिंग मागं-पुढं करत झावळ्या स्पष्ट होतील तिथं थांबलो. भिंतीपासनं वीतभर. म्हणजे ह्या भिंगाला चित्र वीतभर अंतरावर लागतं, फार तर जरा अलीकडं. तिथं असलं की ते मोठं होऊन लांब उभं असल्यासारखं दिसतं आणि डोळ्याला ताण पडत नाही. वीतभराच्या पलीकडं गेलं की धूसर. डब्यात पट्टी होती दीड वीत मागं.

आत बघितलं तर रूळ बसवायला दोन खाचा आहेत, एक पुढं, एक मागं. पोरानं मागची वापरलेली. "मालक तशीच लावत्यात," म्हणाला. आम्ही दोघांनी रूळ पुढच्या खाचेत घातले. वरची एलईडी चकचकीत फ्लेक्सवर पडून प्रत्येक चित्राच्या कपाळाला पांढरा पट्टा उमटत होता, त्यावर केकखालचा बटर पेपर आडवा चिकटवला. उजेड मऊ झाला, पट्टा गेला. सगळ्यात आधी नातवानं डोळा लावला आणि खिडकीतनं तोंड न काढताच ओरडला, "आबा, आत खोल हाय!"

हे 'खोल' फक्त ह्या डब्यातच मिळतं. घरात हातभर रुंदीचा टीव्ही आहे, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, पण दोन्ही हातांनी कडा आडवून अंधारात एकट्यानं एक चित्र बघणं पोरांना नवं होतं. दोन पोरं पट्टी संपली तरी खिडकी सोडेनात. आतल्या चित्रात तसं बघण्यासारखं काही नव्हतं हं. ताजमहाल, कुतुबमिनार, आयफेल टॉवर, गेट वे, वाघ, एक विमान आणि दोन कार्टूनं. कोल्हापूरच्या माणसानं कोल्हापुरात भाड्यानं द्यायचा डबा, आणि त्यात रंकाळा नाही, अंबाबाईचं देऊळ नाही, जोतिबाचा डोंगर नाही, भवानी मंडप नाही. नेटवरनं उतरवलेली चित्रं आहेत, दुसरं काय. ह्यासाठी एक तारा कापतो.

दुसरा घोळ रांगेचा. खिडक्या तीन, पोरं गल्लीभर. एका खेळाला पाच मिनिटं धरा, म्हणजे शेवटच्या पोराचा नंबर येईपर्यंत त्याची आई वैतागलेली. हा दोष ह्या मालकाचा नाही, ह्या जातीचाच आहे. एडिसनची खोकी मागं पडली ती ह्याच पायी. २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी चित्र पडद्यावर टाकलं, एका वेळी खोलीभर लोकांनी बघितलं, आणि सातव्या महिन्यात, ७ जुलै १८९६ ला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात तेच झालं. एकेकट्यानं बघायचा धंदा तिथंच कोपऱ्यात गेला. गेला म्हणून आमच्यासारख्यांना नोकरी मिळाली. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून ह्याच गावात कॅमेरा बनवला, १९२० साली त्यांचा पहिला चित्रपट लागला, १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथंच उभी राहिली आणि १९३३ ला पुण्याला गेली. डब्यांचंच राज्य राहिलं असतं तर कोल्हापुरात ह्यातलं काय झालं असतं, कुणास ठाऊक.

तर रांगेवर तोडगा. एका पोरानं आत बघायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी व्यवस्था पाहिजे. जुन्या पेटीवाल्याला हे पक्कं कळलेलं असायचं. चित्रं आतल्या तिघांना, पण त्याचं बोलणं अख्ख्या जत्रेला. ज्याचा नंबर लागला नाही तोही हलायचा नाही. ह्या सेवेत बोलायचं काम ब्लूटूथ स्पीकरला दिलंय. हिंदीत रेकॉर्ड केलेलं, चित्राशी मेळ नाही. वाघासमोर कुतुबमिनारचं वर्णन चाललेलं, आणि पोरगं एका हातानं हँडल फिरवत दुसऱ्या हातानं मोबाइल बघतंय.

आक्कानं दोन खेळ सहन केलं. मग उठली, स्पीकरचं बटण दाबलं आणि पोराला म्हणाली, "सर बाजूला, बाळा. हँडल दे."

पुढचा तासभर गच्चीवर केकसुद्धा कुणी खाल्ला नाही. ताजमहाल आला की, "ह्यो बघा आपला न्यू पॅलेस, म्हाराज आत जेवाय बसल्यात, आवाज करू नका." पोरं खरंच कुजबुजायला लागली. आयफेल टॉवर आला की, "ह्यो विजंचा मनोरा. ह्यावर कोण चढलं रं? शेजारचा पिंट्या चढला, त्याच्या आईला सांगू नका." पिंट्या रांगेतच उभा होता, त्यानं खिडकीतल्या पोराला ढकलून आत डोकं घातलं, स्वतःला बघायला. वाघ आला की हँडल मुद्दाम अडकल्यासारखं करायची. "थांबा, जागा झालाय. हलू नका." विमानाला म्हणाली, "ह्यात तुझा पप्पा बसलाय, पुण्यासनं निघालाय, उजळाईवाडीला उतरंल," आणि नातू मोठ्यानं रडायला लागला, कारण बाप गाडीनं आधीच येऊन समोर उभा होता आणि त्याला आता दोन बाप झाले. त्याला आवरायला बाप, सून आणि मी, तिघं लागलो. आक्का हसून हसून खुर्चीत बसली आणि हँडल तेवढं सोडलं नाही.

शेवटी मोठ्यांची रांग लागली. गल्लीतले दोन काका, माझे टॉकीजचे जुने डोअरकीपर, पुतणीच्या मैत्रिणी. चित्रं तीच सगळी. रांग ती बघायला नव्हती, आक्का आपल्याबद्दल काय म्हणते ते ऐकायला होती.

तक्रारी आणखी दोन. डबा पाऊण तास उशिरा आला आणि त्याचे पैसे कापायची गोष्ट काढल्यावर मालकानं फोन उचलायचं बंद केलं. पोरानंच मध्यस्थी करून दोनशे सोडवून दिले. आणि एलईडीची वायर उघडी जोडलेली होती, नुसती पिळून. लहान पोरांच्या खेळात हे चालणार नाही. मी चिकटपट्टी लावून दिली, पण तुम्ही डबा आला की आधी तिथं हात घाला, प्लग काढून. मालकाचं नाव ह्यासाठीच इथं देत नाही. वायर आणि पाटी दुरुस्त केली की देईन.

बाकी पोरगं गुणाचं. जाताना रूळ पुढच्याच खाचेत ठेवून गेलं आणि पट्टीसाठी रंकाळ्याचे, पंचगंगा घाटाचे फोटो माझ्याकडनं मागून नेले. फ्लेक्स नको, मॅट कागदावर छाप, म्हणून सांगितलंय. पाटीचं मालकाच्या कानावर घालतो म्हणाला.

पाचपैकी साडेतीन तारे. डबा मागवा, पण घरात बोलणारं माणूस असेल तरच. नसेल तर गल्लीत शोधा, एखादी आक्का प्रत्येक गल्लीत असते आणि चहावर तयार होते. लहान पोरं दहा-बारा असतील तर चार तास पुष्कळ झाले, दोन तासांचा भाव तीन हजार आहे. स्टूल तुमचं तुम्ही ठेवा, खिडक्या पाच वर्षांच्या पोराला उंच पडतात. गच्चीवर ठेवणार असाल तर ऊन उतरल्यावर ठेवा, नाहीतर आत काही दिसत नाही. आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या आठवड्यात डबा तिकडं असतो, तेव्हाचा वाढदिवस असेल तर महिनाभर आधी सांगून ठेवा.